क्लूडोची वही कॉम्प्युटरनं लिहावी का?

क्लूडो म्हणजे खुनाचा छडा लावायचा बोर्ड गेम: खुनी कोण, हत्यार कोणतं, खोली कोणती? या तिन्हींचा एकेक पत्ता पाकिटात लपवलेला, बाकीचे पत्ते खेळाडूंना वाटलेले. ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या. गुणाकार करा. ३२४. क्लूडोच्या त्या छोट्या पाकिटातलं उत्तर या ३२४ पैकी एक असतं.

हा खेळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांना सुचला. १९४९ मध्ये वॉडिंग्टन्स या कंपनीनं तो बाजारात आणला. अमेरिकेत याचंच नाव क्लू.

आता सांगा, यात खरी मजा कुठे आहे? फाशात? अजिबात नाही. वहीत आहे, जिच्यात प्रत्येक जण पाकिटात नसलेल्या पत्त्यांवर फुल्या मारतो. समजा मी विचारलं, "कर्नल मस्टर्ड, दोरखंड, लायब्ररी." तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे नाही." तुमच्या शेजारच्यानं मला गुपचूप एक पत्ता दाखवला. तो पत्ता फक्त मला कळला, बरोबर? पण टेबलावरच्या सगळ्यांनाच दोन गोष्टी फुकटात मिळाल्या: तुमच्याकडे या तिघांपैकी काहीच नाही, आणि शेजाऱ्याकडे किमान एक तरी आहे. बहुतेक जण हे टिपतच नाहीत! स्वतःला दिसलेल्या पत्त्यावर फुली मारतात आणि फासे टाकतात.

कॉम्प्युटरला हे सगळं लक्षात ठेवणं म्हणजे किरकोळ काम. म्हणून व्हिडिओ गेम करणाऱ्यापुढे पेच पडतो. सगळ्या फुल्या गेमनंच मारल्या तर मी करायचं काय, नुसतं बटण दाबायचं? माझं मत स्पष्ट आहे: दाखवलेला पत्ता गेमनं टिपावा, तर्क माझ्यावर सोडावा.

दुसरी भानगड पडद्याची. १९९२ मध्ये क्लू सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलवर आला. आता एका टीव्हीसमोर सगळे बसलेले असताना पत्ता गुपचूप दाखवणार कसा? मोबाइलनं हे सोडवलं, ज्याचा त्याचा पडदा वेगळा. पण मग समोरच्याचा चेहरा गेला. स्वतःकडचाच पत्ता विचारून हूल देताना ओठ दाबून धरणारा भिडू ऑनलाइन दिसत नाही हो!

या बाबतीत 'शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह' नशीबवान. १९८१ चा बोर्ड गेम, फासे नाहीतच. लंडनचा नकाशा, डिरेक्टरी आणि वर्तमानपत्र घेऊन तपास करायचा. १९९१ मध्ये आयकॉम सिम्युलेशन्सनं तो सीडीवर आणला. बोर्ड गेममध्ये जे उतारे वाचायचे, ते इथे नट कॅमेऱ्यासमोर बोलू लागले. चित्र धूसर, अभिनय जरा नाटकी, पण एकमेकांपासून लपवायचं काहीच नाही. चौघं एका सोफ्यावर असतील, तर मी क्लूडोऐवजी हाच लावेन.