शिंदे, लाहोर आणि पॅरिसच्या ऑपेरातलं भूत

नमस्कार. मागे आवाज पोचतोय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फँटम ऑफ द ऑपेरा: कादंबरीचं म्युझिकल होताना काय हरवलं’. त्याचं उत्तर मी आज देणार आहे, नक्की देणार आहे, पण लगेच दिलं तर दहा मिनिटांत कार्यक्रम आटपेल आणि चहा साडेसातला सांगितलाय, तेव्हा जरा फिरून येऊ.

२०२५ च्या मार्चमध्ये बीकेसीला ते म्युझिकल आलं होतं, किती जणांनी पाहिलं? अरे वा. आणि मूळ कादंबरी किती जणांनी वाचलीय? दोन. ते काका अजून ठरवतायत. हेच तर माझं दुखणं आहे. एका क्विझला मी बसले होते, नाव घेत नाही, तिथे विचारलं ‘फँटम’ कुणी लिहिलं, एका मुलाने बरोबर सांगितलं गास्ताँ लरू, तर क्विझमास्तर म्हणतात चूक, अँड्र्यू लॉइड वेबर! अहो, तो म्युझिकलचा संगीतकार! गुण कापले हो त्या पोराचे.

तर हा लरू, जन्म १८६८, मृत्यू १९२७, आधी हाडाचा बातमीदार. कोर्टातले खटले कव्हर करायचा, ‘ल मातँ’ या पेपरासाठी फिरायचा, १९०५ च्या रशियातल्या क्रांतीच्या बातम्या त्याने पाठवल्या. मग रहस्यकथेत शिरला, बंद खोलीतल्या गुन्ह्याची त्याची कादंबरी अजून लोक वाचतात. ‘फँटम’ सप्टेंबर १९०९ पासून ‘ल गोल्वा’ नावाच्या पेपरात क्रमशः आली, १९१० मध्ये पुस्तक. आणि पहिल्याच वाक्यात हा गृहस्थ छातीठोकपणे सांगतो की ते भूत खरोखर होतं. मग पुरावे. मी अमुकाला भेटलो, तमुक मॅनेजरच्या आठवणी वाचल्या, चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाशी बोललो. सगळं रचलेलं, पण रचलंय खऱ्या कात्रणांवर.

म्हणजे बघा, पॅरिसच्या त्या ऑपेरा हाउसचा, पाले गार्निएचा पाया खणताना खाली पाणी लागलं, पंप लावून लावून दमले, शेवटी वास्तुकार गार्निएने खाली मोठी टाकीच बांधून टाकली. ती आजही आहे, फायर ब्रिगेडवाले तिथे पाण्याखालचा सराव करतात. लरूने त्या टाकीचं तळं केलं आणि तळ्याकाठी एरिकला, म्हणजे भूत म्हणून वावरणाऱ्या त्या माणसाला, घर बांधून दिलं. झुंबराचंही तसंच. २० मे १८९६ ला खेळ चालू असताना झुंबराला तोलून धरणारं एक वजन प्रेक्षकांत पडलं, एक बाई गेली. कादंबरीत अख्खं झुंबर येतं आणि पेपरात मथळा असतो की बाईच्या डोक्यावर दोन लाख किलो! खरं झुंबर आहे सात टनांच्या आसपास. बातमीदाराचा आकडा आहे, आपल्याला सवय आहे.

आणि तिसरं कात्रण तर ताजं होतं. २४ डिसेंबर १९०७ ला त्याच ऑपेराच्या तळघरात मोठमोठ्या गायकांच्या रेकॉर्ड सीलबंद करून ठेवल्या, शंभर वर्षांनी उघडायच्या म्हणून. ही खरी घटना. लरू लगेच म्हणतो, त्या ठेवायला खणत होते ना, तेव्हाच मजुरांना एरिकचा सांगाडा सापडला. काय सांगणार!

आता माझी लाडकी गोष्ट. म्युझिकलमध्ये पडदे-सेट हलवणारा कामगार जोसेफ ब्युके मरतो तो भर स्टेजवर लटकतो, आठवतंय? कादंबरीत त्याचं प्रेत सापडतं तिसऱ्या तळघरात, फास लागलेलं, जुन्या सेटांच्या अडगळीत. आणि त्यातला एक सेट कुठल्या नाटकाचा? ‘लाहोरचा राजा’. हे खरं ऑपेरा आहे बरं का, मासने या फ्रेंच संगीतकाराचं, २७ एप्रिल १८७७ ला ह्याच पाले गार्निएत पहिला प्रयोग झाला. मी उत्सुकतेने कथानक शोधून वाचलं आणि माझी हसून पुरेवाट झाली. काळ अकरावं शतक, गझनीचा महमूद चाल करून येतोय. राजा अलीम. त्याची प्रेयसी इंद्राच्या देवळातली पुजारीण, तिचं नाव सीता. देवळाचा मुख्य पुजारी, म्हणजे इंद्राचा पुजारी हां, त्याचं नाव तिमूर! आणि राजाचा कपटी प्रधान, जो दगा देऊन गादी बळकावतो, त्याचं नाव काय? सिंदिया!

हसू नका, सभागृहात शिंदे असतील. आहेत? बघा, आहेत. तर साहेब, तुम्ही अकराव्या शतकात लाहोरचे प्रधान होतात. आता हे नाव तिकडे गेलं कसं, त्याचं मला फार आश्चर्य नाही, पेराँसारखे फ्रेंच सेनापती शिंद्यांच्या पदरी होते, नाव तिकडे कानावरून गेलेलं असणार, लेखकाला हिंदुस्थानी वाटेल असं काहीतरी पाहिजे होतं, उचललं. पण गंमत म्हणजे अख्ख्या ऑपेरातलं गाजलेलं पद ह्या शिंद्यांच्याच तोंडी आहे, बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीतले पुरुष गायक, ते अजूनही मैफलीत गातात. व्हिलनला चांगलं पद, हे आपल्याकडे कुठे मिळतं? तिसऱ्या अंकात राजा मरून थेट इंद्राच्या स्वर्गात जातो, नाच वगैरे, आणि इंद्र त्याला भिकाऱ्याच्या वेशात परत पाठवतो. पॅरिसमध्ये १८७७ ला असा स्वर्ग उभा केला आणि तीनच वर्षांनी पुण्यात किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ लावलं, तिथेही दुष्यंत इंद्राच्या मदतीला जाऊन येतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुद्दा हा की एरिकचं जे हत्यार आहे ते कादंबरीत ‘पंजाबचा फास’ म्हणून येतं. एरिक हिंदुस्थानात राहून गळा आवळायची विद्या शिकून आलाय म्हणे. अहो, रुमालाने गळा आवळणारे ठग मध्य हिंदुस्थानात गाजले, स्लीमन हा इंग्रज अधिकारी त्यांच्या मागे लागला तो जबलपूरला बसून, पंजाब कुठून आला? माझा संशय असा की तळघरात लाहोरचा सेट ठेवला म्हणून फास पंजाबचा झाला. पुरावा नाही. पण लरूचीच पद्धत आहे, मीही वापरते. आणि त्या सेटच्या मागूनच एरिकच्या घरात उतरायची चोरवाट आहे, तेव्हा हा तपशील लेखकाने सहज टाकलेला नाही.

काय? पाच मिनिटं? चिठ्ठी आली. अजून मूळ विषयाला हात घातलेला नाही, काही हरकत नाही, पटपट.

तर काय हरवलं. एक माणूस हरवला. कादंबरीत पर्शियन म्हणून एक पात्र आहे, इराणातला जुना पोलीस अधिकारी, एरिकला तिकडच्या शहाच्या दरबारापासून ओळखणारा, एकदा त्याचा जीव वाचवलेला. नायिका क्रिस्टीनचा प्रियकर राउल, त्याला तळघरात तोच नेतो, हात डोळ्यांच्या पातळीवर धरून ठेव म्हणजे फास बसणार नाही हे तोच सांगतो, काही प्रकरणं तर पूर्ण त्याच्याच लिखाणातून येतात. म्युझिकलमध्ये हा माणूसच नाही. त्याचं ज्ञान, त्याचं ते हाताचं वाक्य, सगळं मादाम जिरीला दिलंय, आणि ती पुस्तकात कडक नृत्यशिक्षिका नाहीच मुळी, प्रेक्षकांना थिएटरातले बॉक्स उघडून देणारी भोळी बाई आहे, मुलगी एक दिवस सम्राज्ञी होणार या भुताच्या आश्वासनावर खूश असणारी.

नुसतं एक पात्र कापलं म्हणून मी रडत नाहीये. म्युझिकलमध्ये क्रिस्टीन आणि एरिकचं शेवटचं चुंबन आपण डोळ्यांनी बघतो. कादंबरीत ते कुणीच बघत नाही. मरायला टेकलेला एरिक पर्शियनच्या घरी येतो आणि रडत रडत सांगतो की तिने मला कपाळावर ओठ टेकू दिले. म्हणजे त्या प्रसंगाचा एकुलता एक पुरावा म्हणजे खुन्याची स्वतःची जबानी, तीही एका पोलिसासमोर! विश्वास ठेवायचा की नाही हे वाचणाऱ्यावर. नंतर पर्शियन पेपरात जाहिरात देतो, एरिक मेला, संपलं. साक्षीदार काढला की शंका गेली, आणि शंका गेली की उरते ती प्रेमकथा. वेबरने ती उत्तम केली, मी नाकारत नाही, संगीत ऐकून मीही डोळे पुसलेत, ब्रॉडवेवर १३,९८१ प्रयोग काही उगाच होत नाहीत.

हां, आणि वेबर पहिला नाही बरं का. केन हिल नावाच्या इंग्रज माणसाने आधी केलं होतं, १९७६ मध्ये एकदा आणि १९८४ मध्ये नव्याने, या नव्या रूपात गूनो, व्हेर्दी, ऑफनबाख या जुन्या ऑपेरा-संगीतकारांच्या तयार चाली आणि शब्द नवे. आपल्याकडे जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदावर ‘चाल’ छापलेली असते ना, अगदी तेच. वेबर ते बघायला गेला, आधी तेच मोठ्या थिएटरात न्यायचं घाटत होतं, मग म्हणाला आपणच लिहू. ९ ऑक्टोबर १९८६, लंडन. तिकडे अमेरिकेत येस्टन आणि कोपिट यांचं वेगळं ‘फँटम’ तयार होत होतं, वेबरची घोषणा झाल्यावर त्यांचे पैसेवाले पळाले, बिचाऱ्यांचं १९९१ ला ह्यूस्टनमध्ये उभं राहिलं.

वेबरने २०१० ला ह्याचा पुढचा भागही केला, भूत अमेरिकेत कोनी आयलंडला जत्रेचा मालक वगैरे. त्यावर मी बोलणार नाही, तिकडे चहा ओतायला लागलेत. शिंदे साहेब, तुम्ही थांबा, ते पद मोबाइलवर आहे माझ्याकडे.