सोनं द्रावकात चढतं, पण उतरवायचं कुणी?

मित्रहो, सायनाइडच्या पाण्यातलं सोनं सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनने, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या तेलकट द्रावकात ओढून काढणं, हा आजचा विषय. गोल्ड प्लेटिंगच्या धुवणाच्या पाण्याचं पूर्ण गणित मांडायचं कबूल केलंय, तेही करू. पण आधी एक तक्रार.

१८८७ साली ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी खनिजातलं सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. विरघळलेलं सोनं परत मिळवायला आधी जस्त आलं, मग सक्रिय कोळसा. तांब्यात मात्र १९६८ पासून, ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीपासून, द्रावकाने जम बसवला. तेव्हापासून सोन्यातही हेच करू म्हणून निबंधांमागून निबंध येताहेत. नव्वदच्या वर टक्के सोनं निघालं, असं त्यात दिमाखात छापलेलं असतं. कुठून निघालं? सोन्याचं शुद्ध सायनाइड-क्षार विरघळवून केलेल्या नितळ पाण्यातून, काचेच्या विभाजक नरसाळ्यात, एकदा हलवून. द्रावक किती वाया गेला, सोनं द्रावकातून परत किती उतरलं, याबद्दल एक ओळ नसते. याचा मला खरंच राग येतो, कारण सोनं द्रावकात चढणं हा या कामाचा सोपा भाग आहे.

सोन्याचा सायनाइड आयन सरळ रेषेसारखा असतो आणि त्याच्यावर ऋणभार एकच. पाण्यात तो फारसा रमत नाही. लोखंडाच्या सायनाइड आयनावर चार भार, तो पाण्याला घट्ट धरून बसतो. त्यामुळे ॲलिक्वॉट ३३६ सारखं चतुर्थक अमाइन (कायम धनभार असलेलं सेंद्रिय रसायन) केरोसीनमध्ये घातलं की सोनं झपाट्याने वर येतं, आणि मग सुटत नाही. उलट्या प्रवाहाच्या मांडणीत पाणी आणि द्रावक समोरासमोरून येतात, तेव्हा बाहेर पडणारं पाणी शेवटच्या टप्प्यात भेटतं ते नुकत्याच स्ट्रिप केलेल्या, म्हणजे सोनं उतरवून घेतलेल्या, द्रावकाला. समजा वितरण गुणांक, म्हणजे द्रावकातल्या आणि पाण्यातल्या सोन्याचं प्रमाण, १०० आहे आणि त्या द्रावकात लिटरला १० मिलिग्रॅम सोनं उरलंय. मग कितीही टप्पे वाढवा, पाण्यातलं सोनं लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली जाणार नाही. मूळ पाण्यात १ मिलिग्रॅमच असेल, तर दहा टक्के तिथेच गेलं!

साधी अमाइन्स अल्कलीत सोनं सहज सोडतात, पण ते धरायला पीएच खाली आणावा लागतो. पीएच ९.२ ला निम्मं सायनाइड एचसीएन (हायड्रोजन सायनाइड) झालेलं असतं, त्याखाली विषारी वायूच. १९८०च्या दशकात युटा विद्यापीठात मिलर आणि मूइमन यांनी अमाइनमध्ये टीबीपी (ट्रायब्यूटिल फॉस्फेट) सारखी फॉस्फरसयुक्त द्रव्यं मिसळून ही मर्यादा वर ढकलली. पुढे ग्वानिडीन जातीचं रसायन आलं, त्याचं व्यापारी नाव लिक्स ७९. ते पीएच १०-११ ला सोनं धरतं, १३ च्या वर सोडतं. रसायनशास्त्राने आपलं काम इथे चोख केलं.

खाणीत तरीही कोळसाच टिकला, कारण तो चिखलातच टाकता येतो आणि चाळणीने वेगळा होतो. द्रावकाला नितळ पाणी लागतं. बारीक माती राहिली की दोन थरांच्या मध्ये सायीसारखा गाळ साचतो आणि द्रावक गिळतो. शिवाय शुद्ध टीबीपी पाण्यात लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम विरघळतं. म्हणजे १ ग्रॅम सोन्यासाठी घनमीटरमागे काहीशे ग्रॅम टीबीपी घालवायचं. तांब्याच्या पाण्यात लिटरला कित्येक ग्रॅम धातू असतो, तिथे असा खर्च पेलतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा प्लेटिंगचं भराभर सांगतो. हे पाणी थोडं, नितळ आणि श्रीमंत असतं. लिटरला ५० मिलिग्रॅम सोनं धरा. पाणी गाळून घ्या, कॉस्टिक सोड्याने पीएच १०.५ करा. ग्वानिडीन ५ ते १० टक्के, बाकी ॲलिफॅटिक केरोसीन. त्यात थोडं ट्रायडेकॅनॉल हवंच, नाहीतर द्रावकच फुटून पाणी आणि द्रावक यांशिवाय तिसरा थर पडतो. दहा भाग पाण्याला एक भाग द्रावक, दोन टप्पे. पण मिक्सरमध्ये, म्हणजे ढवळण्याच्या टाकीत, हेच प्रमाण ठेवलं तर द्रावकाचे थेंब पाण्यात हरवतात, म्हणून सेटलरमधला (थर वेगळे होण्याच्या टाकीतला) द्रावक मिक्सरमध्ये फिरवून तिथे निम्मं-निम्मं राखा. तांबं वर येत असेल तर मुक्त सायनाइड वाढवा. तांब्याने तिसरा सायनाइड धरला की त्याचे भार दोन होतात आणि ते बहुतांशी पाण्यातच राहतं.

द्रावकात आता लिटरला ५०० मिलिग्रॅम सोनं झालं. लिटरला २० ग्रॅम कॉस्टिकच्या पाण्यात दहा भाग द्रावकाला एक भाग पाणी या प्रमाणात उतरवा, त्या पाण्यात लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास मिळतील. ते थेट वीज सोडून स्टील वूलच्या कॅथोडवर बसवा.

विटा-खानापूर भागातली गलाई मंडळी देशभर सोनं शुद्ध करतात. त्यांच्याकडे नायट्रिक ॲसिड हाताशीच असतं, आणि ते सायनाइडमध्ये पडलं की तोच विषारी वायू सुटतो, म्हणून हे काम त्या खोलीत करूच नका. उरलेल्या पाण्यात सायनाइड तसंच असतं. आधी ते पाणी कोळशाच्या नळकांड्यातून काढा म्हणजे द्रावकाचे थेंब अडकतील. मग पीएच १०.५ च्या वर ठेवून सायनाइड नष्ट करायला हायपोक्लोराइट घाला आणि चाचणीत सायनाइड उतरल्यावरच सोडा.