नहेम्याचा तिसरा अध्याय

(दृश्य : सोलापूर. मे महिन्यातली संध्याकाळ. चर्चच्या आवारातली खोली, जमिनीवर चटया, उघडी पवित्र शास्त्रं.)

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून सराव ऊन उतरल्यावरच सुरू होतो. शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या बायबल वर्गाच्या, खोलीत तरुण संघाची मुलं चार-चारच्या गटांनी बसलीत. यंदाच्या बायबल प्रश्नमंजूषेला जुन्या करारातलं नहेम्याचं पुस्तक आहे. अध्याय फक्त 13. पण तिसरा अध्याय आला की भल्याभल्यांना घाम फुटतो.

कारण तिथं गोष्टच नाही. यरुशलेमेचा (जेरुसलेमचा) पडलेला तट कुणी कुठून कुठवर बांधला, त्याची यादी आहे. नावामागून नाव. त्यात मल्कीया तीन : एक हारीमाचा मुलगा, एक रेखाबाचा, एक सोनार. सोळाव्या वचनात तर आणखी एक नहेम्या भेटतो. तो अजबूकाचा मुलगा. ज्याच्या नावाचं हे पुस्तक, तो हखल्याचा. प्रश्न काढणारे नेमके इथंच गाठतात.

(दृश्य : फरशीवर खडूने आखलेला तट.)

पाठ करा म्हटलं की मुलं पाठ करतात, आणि बझर वाजला की सगळं उडून जातं. म्हणून आम्ही त्यांना तटावरून चालायला लावतो. मेंढरांची वेस, माशांची वेस, खोऱ्याची, उकिरड्याची, झऱ्याची, पाण्याची, घोड्यांची... बाळीवेस, कुंभार वेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस हे पत्ते रोज रिक्षावाल्याला सांगणाऱ्या मुलांना वेस समजावून द्यावी लागत नाही. एकेका वेशीवर एकेक जण उभा राहतो. "माझ्या शेजारी कोण?" असं विचारत यादी पुढं सरकते. अध्यायाची चालही तीच आहे : याच्या शेजारी त्याने बांधलं, त्याच्या शेजारी आणखी कुणी.

नववीतल्या एका मुलीने शल्लूमाच्या मुलींची जागा मागून घेतली. शल्लूमाबरोबर त्याच्या मुलीही डागडुजीला होत्या, हे बाराव्या वचनात तिनंच हुडकलं होतं. ते नाव आता ती विसरायची नाही.

सुरुवातीला मात्र प्रश्न नाहीत, बझर नाही. फक्त मोठ्यानं वाचन. आमच्या मुलांपैकी बरीच इंग्रजी माध्यमात शिकतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. मराठी बोलतात झकास, पण छापील ओळीवर अडखळतात. "एवढा वेळ नुसतं वाचनच?" असं पालक विचारतात. हो, नुसतं वाचनच. 'अर्तहशश्त' हे पर्शियाच्या राजाचं नाव न अडखळता तोंडातून निघालं नाही, तर स्पर्धेत ते ओठांवरच अडकतं.

आणि सगळ्यांच्या हातात भाषांतर एकच हवं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल 1924 साली, त्यांच्या पश्चात, पुरं छापून आलं. ते आजही काही घरांत जिवापाड जपलेलं असतं. घरी ते जरूर वाचावं. सरावाला मात्र आयोजकांनी नेमलेलंच.

(दृश्य : वह्या. मुलं प्रश्न लिहिताहेत.)

मग मुलांनीच प्रश्न काढायचे. सुरुवातीचे प्रश्न पचपचीत असतात : नहेम्या कोण होता? राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक. झालं! दुसऱ्या गटाला अडवायचं म्हटल्यावर मात्र डोकं चालू लागतं. रात्री तट पाहायला निघालेल्या नहेम्याच्या जनावराला पुढं जायला वाट कुठं उरली नाही? राजाच्या तळ्यापाशी. हा प्रश्न काढायला दुसरा अध्याय बारकाईनं वाचावा लागतो. आमच्या मते निम्मी तयारी इथंच होते.

बझरचं शिक्षण वेगळं. "तट बांधून पुरा झाला..." एवढं ऐकून बोट दाबलं की फसलंच. सहाव्या अध्यायातल्या पंधराव्या वचनात दोन्ही आहे : यहूदी पंचांगातल्या अलूल महिन्याची पंचविसावी तारीख आणि 52 दिवस. प्रश्न 'कधी'चा की 'किती'चा, तो शब्द कानावर पडेपर्यंत हात आवरायचा. घाईचं पोर असेल तर त्याच्या शेजारी शांत पोर बसवावं.

(दृश्य : पाचवा अध्याय उघडलेला.)

पाचव्या अध्यायात आकडे भरपूर आहेत. यहूदाचा अधिकारी झालेल्या नहेम्याच्या पंक्तीसाठी रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं; अधिकाऱ्याचा भत्ता न घेता काढलेली 12 वर्षं. हे सगळ्यांना पाठ आहे. पण परवा मागं बसणाऱ्या एका मुलानं विचारलं, "दादा, भत्ता हक्काचा होता ना? मग घेतला का नाही?"

आम्ही उत्तर दिलं नाही, अध्याय पहिल्यापासून वाचायला लावला. धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलेली. राजाचा कर भरायला काढलेलं कर्ज. पोटच्या पोरांना दास्यात द्यायची वेळ. ते ऐकून नहेम्याला आलेला संताप. हप्ते कसे फेडतात हे घरात पाहिलेली मुलं आहेत ही. खोलीत बराच वेळ चर्चा चालली. अठराव्या वचनाशी आल्यावर त्या मुलाला उत्तर सापडलं : लोकांवर आधीच भार फार होता.

पंच हा प्रश्न विचारतील असं नाही. 'का'ला गुण देणं अवघड असतं. तरी उद्याचा सराव पाचव्या अध्यायाचाच आहे, आणि मोठ्यानं वाचायची पाळी त्या मुलाची आहे.