महापालिकेच्या कर्जावर सही कुणाची?

नमस्कार मंडळी. हे पुण्यातलं मिळकतकराचं बिल. कॅमेऱ्याच्या जरा जवळ धरतो. सर्वसाधारण कर, सफाई, वृक्षकर... आणि इथे खाली शिक्षण कर, रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन महापालिका वसूल करते, पण जातात ते राज्याच्या तिजोरीत. म्हणजे तुमच्या घराच्या बिलातसुद्धा राज्य सरकार बसलेलं आहेच.

आता कर्जाचं बघू. जून 2017 मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. मुदत 10 वर्षं, व्याज 7.59 टक्के. पहिल्या वर्षाचं व्याजच 15 कोटींच्या वर जातं. आणि तारण काय, तर हाच मिळकतकर!

असं कर्ज महापालिका मनाने काढू शकत नाही. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात कलम 109 आहे. मुख्य सभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने ठराव करायचा, मग राज्य सरकारने रक्कम, व्याजदर, फेडीची पद्धत तपासून मंजुरी द्यायची. मला ही व्यवस्था मनापासून पटते. नगरसेवकाची मुदत 5 वर्षं आणि कर्ज 10 वर्षांचं, मग कुणीतरी तिसऱ्याने हिशोब बघायलाच हवा.

पण तो तिसरा खरंच तिसरा हवा ना? मार्च 2022 मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. मुख्य सभेचे अधिकार त्यांच्याकडे, खर्च मंजूर करणाऱ्या स्थायी समितीचेही त्यांच्याकडेच. आणि प्रशासक नेमले कुणी? राज्य सरकारने. मागणाराही सरकारचा, मंजुरी देणारंही सरकार. हे एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. मुंबई, ठाणे, नाशिकलाही तेच. मला याचा राग येतो, कारण 'एवढं कर्ज कशाला?' असं सभागृहात उभं राहून विचारणारं माणूसच नव्हतं.

त्यात जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा कर गेला, मग त्याच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. 2017 पासून त्याबदल्यात राज्याकडून जीएसटीची भरपाई येते. कर्जाला परवानगी देणारा आणि दर महिन्याला पैसे पाठवणारा एकच असेल, तर महापालिका त्याच्याशी वाद कसा घालणार?

म्हणून तुमच्या नगरसेवकाला एक कागद मागा: कुठलंही नवं कर्ज असो, त्याचा मुख्य सभेचा ठराव आणि सोबत राज्याच्या नगरविकास विभागाचं मंजुरीपत्र. 2017 च्या त्या रोख्यांची मुदत जून 2027 मध्ये संपते. त्या वर्षीचं बिल आलं की हा व्हिडिओ पुन्हा काढून बघा.