दगडू नावामागची आई

हे एका शाळेचं जुनं रजिस्टर. नावं वाचत चला. दगडू. धोंडू. केरू. कचरू. भिकू. आज या नावांना हसणारे पुष्कळ आहेत. पण ज्या घरात ती ठेवली जायची, त्या घरातून बहुतेकदा आधीची दोन-तीन तान्ही पोरं मातीआड गेलेली असायची.

मग पुढचं बाळ जन्मलं, की त्याला नेऊन उकिरड्यावर ठेवायचं आणि केरात सापडल्यासारखं उचलून घरात आणायचं. नाहीतर शेजारणीच्या ओटीत घालायचं, आणि पसाभर धान्य देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. मुलगा असला तर नाक टोचायचं. नथू हे नाव त्यातूनच आलं. मृत्यूची नजर चुकवायची, तर मूल कुणालाच नको आहे असं दिसलं पाहिजे. ज्याच्यावर जीव जडलाय, त्यालाच आईनं कचरू म्हणून हाक मारायची.

ही पाचवीची रात्र. पाटा-वरवंटा मांडलाय, हळदकुंकू वाहिलंय, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते, असं मानतात. दिव्याकडे बघा. आणि दिव्यापलीकडे जाग्या असलेल्या आईकडे.

बाळ गेलं, की आयाबाया म्हणायच्या, "सटवाईनं एवढंच लिहिलं होतं गं." रोजगार बुडवून चालायचं नाही. छातीत दूध दाटलेलं असतानाच बाई कामावर जायची. ते बघून गरिबाला मूल गेल्याचं फारसं वाटत नाही म्हणणारे शिकलेले लोक आम्हाला आजही भेटतात. त्यांनी हे रजिस्टर एकदा वाचावं.

आता गडचिरोली. इथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ साली ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची सेवा सुरू केली. गावातलीच बाई, तिला म्हणतात आरोग्यदूत. झोळीत बाळ, वर टांगलेला काटा. घड्याळ धरून ती बाळाचे श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. बाळाला उबेत गुंडाळणं, पाजताना आईशेजारी बसणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, हे सगळं त्याच घरात, त्याच बाजेवर. त्या गावांत पहिल्या महिन्यातच हजारी ६२ बाळं दगावायची. तीन वर्षांत आकडा २५ वर आला.

आई काट्याकडे बघतेय. आरोग्यदूत वजन वहीत लिहिते आणि सांगते, पुन्हा येईन.