शॉन लेस्टर: नाझींसमोर न झुकलेला आयरिश डिप्लोमॅट

नमस्कार मंडळी! आज शॉन लेस्टर या माणसाबद्दल बोलायचंय. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय की पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ निघाला, तो फेल गेला, मग युनो आली, झालं, दोन ओळीत विषय संपला. पण त्या फेल गेलेल्या राष्ट्रसंघात शेवटपर्यंत खुर्ची न सोडणारा एक माणूस होता, आयर्लंडचा, आणि त्या दोन ओळीत त्याचं नाव यायलाच हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

जन्म 1888 चा, उत्तरेकडच्या कॅरिकफर्गसचा. घर प्रोटेस्टंट, ब्रिटिशांच्या बाजूचं, आणि पोरगा मात्र आयरिश भाषा-संस्कृती जपणाऱ्या गेलिक लीगमध्ये गेला, आयरिश स्वातंत्र्याच्या बाजूला. पेशानं पत्रकार, डब्लिनच्या फ्रीमन्स जर्नलचा न्यूज एडिटर. 1922 ला आयरिश फ्री स्टेट, म्हणजे आयर्लंडचं स्वतःचं राज्य, झालं आणि 1923 मध्ये हा परराष्ट्र खात्यात आला. खातं इतकं नवीन होतं की तयार डिप्लोमॅट आणणार कुठून, मग पत्रकार, वकील, प्राध्यापक अशी माणसं घेतली. 1929 ला त्याला आयर्लंडचा प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला पाठवलं, राष्ट्रसंघात. तिथं पेरू आणि कोलंबिया ॲमेझॉनकाठच्या लेटिसिया गावावरून भांडत होते, त्या कमिटीचं काम यानं इतकं शांतपणे हाताळलं की मोठ्या देशांच्या नजरेत भरला.

आणि मग मिळालं डान्झिग.

नकाशा बघा. आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क. तेव्हा हे ना जर्मनीचं ना पोलंडचं, स्वतंत्र शहर, लोक बहुतेक जर्मन आणि त्यांच्या राज्यघटनेची गॅरंटी राष्ट्रसंघाची. ती सांभाळायला एक हाय कमिशनर. लेस्टर 1934 च्या सुरुवातीला तिथं पोचला तेव्हा शहरात नाझी आधीच निवडून आलेले होते. आता त्याच्या हातात काय होतं ते बघा. फौज नाही, पोलीस नाही. कोणावर अन्याय झाला, पेपर बंद पाडला, ज्यू दुकानदाराला छळलं, तर तो माणूस अर्ज घेऊन लेस्टरकडे यायचा आणि लेस्टर जिनिव्हाला रिपोर्ट पाठवायचा. बस, एवढंच. आणि एवढंच त्यानं न चुकता केलं.

1935 ला नाझींनी परत निवडणूक घेतली, कारण त्यांना घटना बदलायला दोन तृतीयांश हवे होते, म्हणजे 72 पैकी 48 जागा. सगळी ताकद लावली, धाकदपटशा केला, तरी 43 वरच अडकले. विरोधकांना तेवढं तरी उभं राहता आलं त्यात लेस्टरच्या त्या रिपोर्टांचा वाटा होता असं माझं ठाम मत आहे.

मग त्याच्यावर राग निघाला. जून 1936 मध्ये लाइपझिग ही जर्मन युद्धनौका डान्झिगला आली. रिवाज असा की कॅप्टननं हाय कमिशनरला जाऊन भेटायचं, पण तो आलाच नाही, वरून ऑर्डर होती. जुलैत शहराचा नाझी प्रमुख आर्थर ग्रायझर जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या कौन्सिलसमोर उभा राहिला, लेस्टरला हटवा म्हणाला, नाझी सलाम ठोकला, पत्रकार हसले तर जाताना नाकाला अंगठा लावून त्यांना वेडावून दाखवलं! जगातल्या सर्वात मोठ्या सभागृहात! आणि याच्या आदल्याच दिवशी, 3 जुलैला, ज्यूंवरच्या अत्याचाराकडे कोणीतरी बघावं म्हणून श्टेफान लुक्स नावाच्या ज्यू पत्रकारानं तिथंच सभागृहात स्वतःवर गोळी झाडली होती. तरीही मोठ्या देशांनी काय केलं? 1937 च्या सुरुवातीला लेस्टरला डेप्युटी सेक्रेटरी जनरल करून जिनिव्हाला आणलं. कागदावर बढती, खरं तर वाटेतून बाजूला केलं. मला याचा आजही राग येतो.

(जाता जाता, त्याच 1937 मध्ये राष्ट्रसंघाच्या असेंब्लीचे अध्यक्ष होते आगाखान, पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारेच ते.)

पुढे युद्ध. जून 1940 ला फ्रान्स पडला, आणि राष्ट्रसंघाचा सेक्रेटरी जनरल होता फ्रेंचच, जोसेफ अव्हनॉल. त्याचा कल फ्रान्सच्या नव्या व्हिशी सरकारकडे, म्हणजे हिटलरशी जुळवून घेणाऱ्यांकडे. लेस्टर आडवा आला. शेवटी ऑगस्टअखेर अव्हनॉल गेला आणि सगळा भार याच्यावर पडला. बायको आणि तीन मुली आयर्लंडमध्ये, चारी बाजूंनी जर्मनी, इटली आणि व्हिशीच्या ताब्यातला मुलूख, पॅले दे नास्यों ही राष्ट्रसंघाची अवाढव्य इमारत आणि शेकडोंच्या जागी उरलेला मूठभर स्टाफ. अर्थविभाग अमेरिकेत प्रिन्स्टनला हलवलेला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना कॅनडात माँट्रियलला. हा माणूस मात्र जिनिव्हात बसून हिशोब ठेवतोय, सभासद देशांकडून वर्गणी मागतोय, लायब्ररी जपतोय, कोणाला वाटत नव्हतं याचा काही उपयोग होईल, पण युद्ध संपल्यावर युनोला तीच इमारत, तीच लायब्ररी, तेच आरोग्याचं आणि अफू नियंत्रणाचं काम आयतं मिळालं.

बदल्यात याला काय मिळालं, तर 1945 ला सॅन फ्रान्सिस्कोत युनोची स्थापना होत होती तिथं धड मानही नाही. एप्रिल 1946 च्या शेवटच्या असेंब्लीनं मात्र ठराव केला की लेस्टर 1940 पासूनच पूर्ण सेक्रेटरी जनरल होता, नुसता हंगामी नव्हे. ग्रायझरला त्याच वर्षी जुलैमध्ये पोलंडनं पोझनानला जाहीर फाशी दिली. लेस्टर परत आयर्लंडला गेला, गॉलवेकडे मासे पकडत राहिला आणि 1959 ला वारला.

ग्दान्स्कमध्ये तो राहायचा ती इमारत आज तिथली सिटी हॉल आहे आणि 2010 मध्ये तिथल्या एका खोलीला त्याचं नाव दिलंय. तुमच्यापैकी कोणी पोलंडला राहत असेल आणि ती खोली बघितली असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा, मला खूप उत्सुकता आहे. पुढचा व्हिडिओ डान्झिगवरच करतोय, 1 सप्टेंबर 1939 ला तिथल्या वेस्टरप्लाटे द्वीपकल्पावर काय झालं त्याचा. भेटू!