गोलघुमट: आवाज देण्याआधी वर बघा

सोलापूरहून दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर विजापूर. पाट्यांवर आता विजयपुरा. गाव यायला अजून अवकाश असतो, तोवरच हा घुमट दिसू लागतो.

इथे आलेला प्रत्येक जण एकच काम करतो. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून वरच्या सज्जात जातो आणि ओरडतो. आवाज पुन्हा पुन्हा घुमून परत येतो. शाळांच्या सहली आल्या, की मग काही विचारू नका! सज्जाच्या पलीकडच्या टोकाला केलेली कुजबुज ऐकायची असेल तर सकाळी दार उघडताच पोहोचा.

पण घुमटाची खरी करामत ऐकायची नाही, बघायची आहे. त्यासाठी खाली, दालनाच्या मधोमध उभे राहा. एकेक बाजू सुमारे ४१ मीटर, आणि आधाराला एकही खांब नाही. वरच्या घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटरच्या आसपास.

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा? आता कमानी मोजा. आठ आहेत, आणि त्या एकमेकींना छेदून जातात. एका चौकोनावर दुसरा तिरका ठेवावा, तशी ही मांडणी. छेदता छेदता त्या आत झुकतात आणि वर गोल कडं तयार होतं. मघाचा सज्जा तो हाच. घुमटाचा रेटा भिंतींना बाहेर ढकलू पाहतो, तर आत झुकलेल्या या बांधकामाचा भार उलट्या दिशेने ओढतो. त्या ओढाताणीत घुमट साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे.

ही कबर मुहम्मद आदिलशहाची. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, त्यानंतर शहाजीराजे याच्याच चाकरीत आले. १६५६ मध्ये तो वारला. चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी नुसत्या खुणेच्या, खऱ्या खाली तळघरात आहेत. त्यांत बेगमांसोबत रंभा नावाच्या नर्तकीचीही कबर आहे.

गावात मुलूख-ए-मैदान तोफ आहे, १५४९ साली अहमदनगरात ओतलेली. तीही बघालच.

मात्र इब्राहिम रोझा, म्हणजे मुहम्मदाच्या वडिलांची कबर, घाईत उरकू नका. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या दगडात कोरलेल्या अक्षरांच्याच आहेत. गोलघुमट भव्य खरा, पण नजाकत म्हणाल तर आमचं मत रोझालाच. त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा.